मामी, तू आईला सांभाळलंस

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

घरच्या माणसांचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही. मानले तर समोरच्याला राग येतो, ‘मी काय परकी आहे का गं?’ म्हणून तो तोंड फिरवतो. तूही फिरवशील, मला माहीत आहे. तरी आज मी ते मानणार आहे आणि चारचौघांत मानणार आहे.

त्याला कारण आहे. मी सरकारी दवाखान्यात लहान मुलांची समुपदेशक म्हणून काम करते, हे तुला माहीत आहे. मार खाल्लेली, कोंडून ठेवलेली, धाकानं बोलणं बंद झालेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्यासोबत बहुतेक वेळा एक बाई असते. कधी आत्या, कधी आजी, कधी थोरली काकू. बाकाच्या कडेला अवघडून बसते आणि म्हणते, ‘आम्ही अडाणी माणसं मॅडम, आम्हाला काय कळतंय यातलं? तुम्हीच काय ते औषध द्या.’ त्या बाईला मला दर वेळी तुझ्याबद्दल सांगावंसं वाटतं. समोर रांग असते, वेळ नसतो, म्हणून राहून जातं. ते सगळं इथे लिहिते.

१९९१ च्या पावसाळ्यात मामा आम्हा दोघींना घेऊन कऱ्हाडला एसटीतून उतरला, तेव्हा मला चार वर्षं पुरी झाली होती. वडिलांच्या घरी काय चालायचं ते लिहीत नाही. आईच्या पाठीवरचे वळ तू स्वतःच्या हातानं शेकलेस, त्यामुळे तुला ते सांगायला नको. यापुढे लिहिलेलं काही मला आठवतं, काही आईनं सांगितलेलं आहे. आईला मी हे पत्र आधी वाचून दाखवलं. तिच्याविषयी लिहिलेलं तसंच राहू दे, असं तीच म्हणाली.

पहिल्याच आठवड्यात तुला माझ्या उशाखाली भाकरीचे तुकडे सापडले. मुंग्या झाल्या होत्या. आजी म्हणाली, पोरीला चोरीची सवय आहे, आत्ताच मोडली पाहिजे. तू गोधडी अंगणात नेऊन झटकलीस आणि दुपारी स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या फळीवर, माझा हात पोचेल अशा जागी, झाकणाचा एक ॲल्युमिनियमचा डबा ठेवलास. त्यात अर्धी भाकरी, गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे. मला जवळ बोलावून म्हणालीस, ‘ह्यो तुझा डबा. रात्री उठून खाल्लंस तरी कुणी इचारणार न्हाई. रिकामा झाला की मी भरीन.’

आणि तू भरत राहिलीस. मी त्याच्याकडे बघायचीसुद्धा बंद झाले, त्यानंतरही कितीतरी दिवस तो भरलेला असायचा. आज मी पालकांना हेच सांगते: उपाशी राहिलेलं मूल अन्न लपवतं ते चोरी म्हणून नाही, उद्या मिळेल याची त्याला खात्री नसते म्हणून. खात्री बोलून पटत नाही, ती रोज दिसावी लागते. हे शिकायला मला पदव्या घ्याव्या लागल्या. तुला ते एका दुपारीत कळलं.

तुझ्या घरात माझ्याजवळ उभं राहून कुणी हात वर केला की मी डोकं झाकून खाली बसायची. तू ते पाहिलंस आणि तेव्हापासून फळीवरची बरणी काढतानाही आधी सांगायचीस, ‘हात वर करती हां, लोणचं काढायचंय.’ मामानं बैलांचा चाबूक सोप्यातल्या खुंटीवरून काढून मागच्या गोठ्यात नेला, तोही तुझ्याच सांगण्यावरून. अंथरूण ओलं झालं की तू अंधारातच गोधडी बदलायचीस. सकाळी त्या गोधडीचा उल्लेख नाही, दादाला आणि ताईला चिडवायची मुभा नाही. केसांना तेल लावताना आधी विचारायचीस, ‘लावू का?’ मी नको म्हटलं तर बाटलीचं झाकण लावून उठायचीस. माझ्या ‘नको’ला त्या वयात किंमत मिळाली, ती तुझ्याकडून.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते आईबद्दल.

लोक म्हणतात, तुझ्या मामीनं तुला वाढवलं. ते खरं नाही आणि तू तसं होऊही दिलं नाहीस. आई तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेल. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. मी रडले की तिला ते सहन व्हायचं नाही आणि तिचाही हात माझ्यावर उठायचा. जे तिच्यावर झालं होतं ते तिच्या हातातून खाली माझ्यावर येत होतं. तुला मला उचलून आपल्या कुशीत घेणं सोपं होतं. गल्लीतल्या बायकाही तेच सांगत होत्या, पोरीला तूच बघ, तिच्या आईच्यात राम राहिला नाही.

तू तसं केलं नाहीस. आईजवळ बसून तू म्हणालीस, ‘हात उचलावासा वाटला की पोरीला माझ्याकडं दे आन् परसात जाऊन ये. माराया लागलीस म्हणून तू वाईट न्हाईस. पण मारायचं न्हाई.’ आई सांगते की तोवर तिला कुणी ‘तू वाईट नाहीस’ असं म्हटलंच नव्हतं. मग ती खरंच मला तुझ्या मांडीवर टाकून परसात जायची. परत आली की तू मला पुन्हा तिच्याकडे द्यायचीस. जेवताना ताट तू वाढायचीस, पण घास तिनेच भरवायचा, असं तू ठरवून टाकलं होतंस. मी ‘काऊ’ म्हणून बोट दाखवलं आणि आई गप्प राहिली की तू हळूच म्हणायचीस, ‘बघ की, लेक काय दावतीया तुला.’ आई मग बघायची. सुरुवातीला तुझ्या सांगण्यावरून, मग आपणहून.

मामी, तू जे करत होतीस ते शिकवण्यासाठी आता जगात प्रशिक्षणं आहेत. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या मेरी डोझिअर यांनी एक पद्धत बसवली आहे. प्रशिक्षित बाई दहा वेळा घरी जाते, आई आणि लहान मूल जसे असतात तसे त्यांच्यासोबत बसते, आणि मुलानं काही केलं, आईनं त्याला प्रतिसाद दिला, की तिथल्या तिथे आईला ते दाखवून देते. ‘तू त्याला प्रतिसाद दिलास, बघ तो कसा वळला तुझ्याकडे.’ बस्, एवढंच. ज्या घरांतून मुलांच्या हेळसांडीची तक्रार झाली होती, अशा घरांत हे करून पाहिलं. ताणाशी निगडित असलेलं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक निरोगी मुलाच्या अंगात सकाळी जास्त असतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. हेळसांड झालेल्या मुलांत हा चढउतार सपाट होतो. ज्यांच्या आयांना ही मदत मिळाली त्यांच्यात तो पुन्हा नीट दिसू लागला आणि मुलं बालवाडीच्या वयाला आली तेव्हाही टिकून होता. मी रात्र रात्र जागी असायची आणि सकाळी मला उठवत नसे, आठवतं? पहिल्या दिवाळीनंतर मी झोपू लागले.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या गावाची. १९७० च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड ओल्ड्स यांनी तिथे पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवायला सुरुवात केली. चारशे बायका अभ्यासात होत्या, बहुतेक गरीब, तरुण, कितीतरी एकट्या. परिचारिका गरोदरपणात जायच्या आणि बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत जात राहायच्या. त्या बाळापेक्षा आईशी जास्त बोलायच्या. तिची तब्येत, तिचं शिक्षण, तिला आधार कोणाचा आहे, बाळ रडतं तेव्हा तिला काय वाटतं. पंधरा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा ज्या घरांत परिचारिका शेवटपर्यंत गेल्या होत्या, तिथे मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या सिद्ध झालेल्या तक्रारी जवळपास निम्म्या होत्या. १९९७ साली हे छापून आलं. मला त्यातलं २००० साली आलेलं पुढचं निरीक्षण फार महत्त्वाचं वाटतं: ज्या घरात नवराबायकोत मारहाण सतत चालू होती, तिथे परिचारिकेच्या येण्याचा हा परिणाम दिसला नाही. आधी मार थांबला पाहिजे, मग आईला आधार. मामानं आधी आम्हाला त्या घरातून बाहेर काढलं आणि मग तू आईशेजारी बसलीस. तुम्हा दोघांना हा क्रम कुणी सांगितला नव्हता.

लहानपणीच्या माराची किंमत पुढे किती मोजावी लागते, हे तुला सांगून उपयोग नाही, तू ते आपल्या भावकीत पाहिलंयस. फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं आणि १९९८ साली ते छापून आलं. ज्यांच्या वाट्याला मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला मार अशा चार किंवा जास्त प्रकारच्या गोष्टी आल्या होत्या, त्यांच्यात दारू, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण काहीच न भोगलेल्यांपेक्षा चार ते बारा पट निघालं. आपल्या देशातही २००७ मध्ये केंद्र सरकारनं तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ला होता, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. अमेरिकेतल्या अभ्यासातल्या ज्या चार गोष्टी वर लिहिल्या, त्यांपैकी तीन माझ्याकडे होत्या. मी आज नोकरी करते, संसार करते, माझ्या मुलाला मारत नाही. आकड्यांच्या ज्या बाजूला मी जायची, तिथून मला तुम्ही तिघांनी ओढून आणलं. तू, मामा आणि आई.

सगळं पुसलं गेलं असं मी म्हणणार नाही, कारण तुला खोटं आवडत नाही. मागून कुणी मोठ्यानं बोललं की अजून माझं अंग आखडतं. दारूचा वास आला की मी खोलीतून उठते. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर झालेला अभ्यास सांगतो की दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं, ती मुलं नंतर घर मिळालेल्यांपेक्षा बऱ्याच बाबतींत जास्त सावरली. लवकर मिळालं तर जास्त मिळतं. मी चौथ्या वर्षी आले. तरी केवढं मिळालं! हे मी अशासाठी लिहिते की सहा-सात वर्षांचं मूल घेऊन आलेली आजी मला विचारते, आता उशीर झाला का? मी तिला सांगते, आजच्या इतकं लवकर पुन्हा नाही मिळणार.

आणि तुझं काय? हे मला मोठी झाल्यावर सुचलं. तुझी दोन मुलं, म्हशीचं दूध काढून डेअरीला घालणं, सोसायटीचं कर्ज, त्यात आमची दोन पोटं. ‘नणंदेला किती दिवस पोसणार?’ असं तुझ्याच माहेरचे विचारत होते. तेव्हा मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा नंबरही नव्हता, तो १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा. आज महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून अशा मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही आणि कागदपत्रांपायी बायका हेलपाटे घालून थकतात. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकीचा अर्ज मी स्वतः बसून भरून घेते. तुला पाठिंबा द्यायला कुणी नव्हतं, हे मला सलतं. तू आईला धरलंस, तुला कोणी धरलं? मामानं, असं तू म्हणशील. तो होताच. पण गावात शाळा होती, अंगणवाडी होती, दवाखाना होता, आणि त्यांपैकी कुणी एकदाही दारात येऊन ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं नाही. मुलाला वाचवायचं तर त्याला उचलून घेणाऱ्या बाईच्या दारात कुणीतरी जायला हवं, नेमानं जायला हवं. आशाताई नवजात बाळासाठी घरी जातात तशाच त्या अशा घरांतही जाव्यात, त्यांना त्याचं प्रशिक्षण आणि वेगळे पैसे मिळावेत, असं मी प्रत्येक बैठकीत मांडते. मांडत राहीन.

म्हणून मामी, त्या डब्याबद्दल, त्या न बोललेल्या गोधड्यांबद्दल आणि माझी आई मला परत दिल्याबद्दल मी तुझे मनापासून आभार मानते. राग येऊ दे.

दादा म्हणत होता की तुझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय आणि तू ऊस गेल्यावर बघू म्हणतेस. थांबू नकोस. मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलले आहे, पुढच्या महिन्यात ते ऑपरेशन करतील. तारीख नक्की झाली की दादाला फोन करते. आई आणि मी दोघी रजा टाकून येतो, घरातलं आणि म्हशीचं आई बघेल, दवाखान्यात तुझ्याजवळ मी थांबेन. पत्र सूनबाईकडून वाचून घे. मामाला नमस्कार.

तुझी भाची