गोंडघर फाट्यावरून गृहमंत्र्यांना पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी श्रीवर्धन तालुक्यातला निवृत्त शिक्षक. इतिहास-भूगोल शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, आता किनाऱ्यावर पोलिसांना मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या सागर सुरक्षा दलाच्या यादीत नाव आहे. बांगलादेशी घुसखोरांविरुद्ध आपली मोहीम जोरात चालली आहे. अमक्या शहरात इतके धरले, तमक्या शहरात तितके, असे आकडे पेपरात येत असतात. ते वाचताना मला दर वेळी आमचा गोंडघर फाटा आठवतो.

९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीला समुद्रातून तस्करीचा माल उतरला. तो मुंबईकडे निघाला तेव्हा याच फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या. म्हणजे नाका होता, माणसं जागी होती, गाड्या थांबल्याही होत्या. मग सौदा झाला. पुरेशी रोकड हाताशी नव्हती, म्हणून तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडल्या. तस्करीची चांदी तेव्हा आमच्या किनाऱ्याला नवी नव्हती, आणि ती सोडण्याचा दरही नवा नव्हता. पुढच्याच महिन्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. खटल्यात शंभर जण दोषी ठरले आणि त्यांत आपल्याच पोलीस आणि कस्टम खात्यांतले लोक होते. पाकिस्तानात कट शिजला, प्रशिक्षण झालं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या निकालात नोंदवलं आहे. शत्रू कोण होता याबद्दल वादच नाही. पण त्याला आत यायला वाट कोणी करून दिली?

आज शेखाडीचा रस्ता पर्यटकांचा आवडता आहे. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दर्या. लोक गाडी थांबवून फोटो काढतात. काढोत बिचारे.

दुसरी गोष्ट मुंबईची. कराचीहून निघालेले दहा जण ‘कुबेर’ ट्रॉलर पळवून आले आणि २६ नोव्हेंबर २००८ ला रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरले. त्यांच्या खिशात खोट्या नावांची भारतीय ओळखपत्रं होती. त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी, ‘कोण रे तुम्ही?’ म्हणून. हे आपण सगळे जाणतो. ज्याचा विसर पडतो तो या हल्ल्यासाठी आधी टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली. अमेरिकी पासपोर्ट, रीतसर व्हिसा. २००६ मध्ये त्यानं दाऊद गिलानी हे नाव बदलून घेतलं आणि मुंबईत येऊन ताडदेवला कार्यालय थाटलं. कसलं कार्यालय, तर परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना व्हिसा मिळवून देण्याचं! होडीतून फिरून उतरायच्या जागा त्यानंच हेरल्या. हल्ला झाल्यावर, मार्च २००९ मध्ये, तो पुन्हा भारतात येऊन गेला. आपल्याला पत्ता नव्हता. ऑक्टोबरमध्ये त्याला शिकागोत अमेरिकेनं पकडलं. एवढं नुकसान करून गेलेल्या माणसाचा पासपोर्ट किंवा व्हिसा बनावट नव्हता, साहेब. लुंगी नेसून बांगला बोलणारा नव्हता तो.

माझं म्हणणं घुसखोरांना राहू द्या असं नाही. जो चोरवाटेनं आला त्याला कायद्यानं परत पाठवायलाच हवं. परवानगीशिवाय राहणाऱ्याला सहसा कुठलाच देश ठेवून घेत नाही. आपल्या बाजूनं २००५ च्या सोनोवाल खटल्याचा दाखला दिला जातो, त्यात सर्वोच्च न्यायालयानं घुसखोरीला बाह्य आक्रमण म्हटलं आहे. तो निकाल मी मानतो. पण तो आसामचा होता. तिथे प्रश्न जमिनीचा, भाषेचा, मतदारयादीचा आहे आणि त्यामागे अनेक दशकांचा इतिहास आहे. तो शब्द तिथून उचलून मीरा रोडच्या गवंड्याला चिकटवला की पोलिसांचं काम सोपं होतं, एवढंच. राज्याची सुरक्षा त्यानं कितीशी वाढते?

जून २०२५ मध्ये काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना बांगलादेशी ठरवून काही दिवसांत सीमेपलीकडे ढकललं गेलं. ती भारतीय निघाली. तिथल्या सरकारनं धावपळ केली म्हणून परत आली. संशयिताची पडताळणी करायला केंद्राच्या सूचनेप्रमाणे ३० दिवस होते. त्यांच्या गावच्या पोलीस ठाण्याला एक फोन करून उत्तराची वाट पाहिली असती, तर ही नामुष्की टळली असती. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादची बांगला आणि बांगलादेशातल्या राजशाहीची बांगला वेगळी करून ऐकायला आपल्या ठाण्यात कोण बसलं आहे? मला तर मालवणी आणि गोव्याची कोकणी ओळखताना अजून अडखळायला होतं.

आता कागदाचं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हातात आहे म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. बरोबर आहे. मग ज्याच्याकडे हे तिन्ही कागद खोटे सापडले, त्याला ते दिले कोणी? कुठल्या तरी दुकानात कुणीतरी अर्ज भरला, कुणीतरी रहिवासाच्या दाखल्यावर शिक्का मारला. उशिराची जन्मनोंद करण्याचे आदेश द्यायचा अधिकार २०२३ च्या दुरुस्तीनं न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसूल खात्याकडे आला. मालेगावात घुसखोरांना असे जन्मदाखले दिल्याच्या तक्रारींनंतर जानेवारी २०२५ मध्ये शासनाला चौकशी पथक नेमावं लागलं आणि असे दाखले देणंच थांबवावं लागलं. त्यात जन्माची नोंद कधी झालीच नाही असे आमच्या वाडीवरचे म्हातारेही अडकले. गोंडघरला विटा घेऊन गाडी सोडणारा हात आणि पैसे घेऊन दाखला देणारा हात, यांत मला फरक दिसत नाही. मजूर तो दाखला रेशनसाठी घेतो. पण जो रस्ता मजुरासाठी खुला असतो तो दुसऱ्या कुणासाठीही खुला असतो, आणि शत्रूच्या खिशात मजुरापेक्षा जास्त पैसे असतात.

आपलीच माणसं फोडण्याचे प्रयत्न तर कधी थांबलेलेच नाहीत. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या संचालकाला मे २०२३ मध्ये आपल्याच एटीएसनं अटक केली, पाकिस्तानी हेरांना माहिती पुरवल्याच्या आरोपावरून. आरोप खरा की खोटा ते न्यायालय ठरवील. पण संशयाची दिशा बघा: मोठं पद, जन्मानं भारतीय, कागद सगळे चोख.

म्हणून मागणी एवढीच. पकडलेल्यांचा आकडा जाहीर करता, तसा खोटा कागद करून देणाऱ्यांचाही करा: किती दलाल, किती कारकून, किती अधिकारी, त्यांतल्या किती जणांना शिक्षा झाली. आणि कोणालाही सीमेकडे नेण्याआधी त्याच्या मूळ जिल्ह्याचं लेखी उत्तर न्यायालयापुढे ठेवल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.

ऑगस्ट २०२२ ची आठवण करून देतो. हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट किनाऱ्याला लागली आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. दिवसभर सगळ्या तालुक्याचा जीव टांगणीला लागला होता. नंतर कळलं, की मस्कतहून युरोपला निघालेली ती परदेशी बोट भरकटत आली होती, घातपाताचा संबंध नव्हता. बरं झालं. पण शस्त्रं असलेली बोट पार किनाऱ्याला टेकेपर्यंत समुद्रात कुणी हटकली नव्हती, आणि ती पहिल्यांदा दिसली ती गावातल्याच लोकांना.

त्यावेळी आम्हा दलातल्या लोकांना किनाऱ्यावर रात्रपाळी लागली होती. माझ्याकडे शिट्टी आहे आणि दलाचं ओळखपत्रही आहे. त्याची मुदत संपून बरेच महिने झाले. नूतनीकरणाचा अर्ज, दोन फोटो आणि आधारची प्रत दिली आहे. रोज सकाळी मासळी उतरायच्या वेळी जेटीवर असतो, तेव्हा तेच कार्ड गळ्यात घालतो.

आपला,
श्रीवर्धन तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक