बियरचं विरजण

हिल्सबरो, ऑरेगॉन
१२ ऑक्टोबर

प्रिय बायो,

मागच्या फोनवर मी "गॅरेजमध्ये बियर लावलीय" म्हटलं आणि तू जी हसत सुटलीस ती फोन ठेवेपर्यंत थांबली नाहीस. जिला कोकमाचं सरबत धड जमत नव्हतं ती बियर करणार! म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय, काय हसायचं ते एकदाच हसून घे.

आधी तुझी शंका. नाही, पोलीस येणार नाहीत. १९७८ साली जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली, तेव्हापासून इथे घरी स्वतःपुरती बियर करायला मुभा आहे. घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. विकायची मात्र नाही. आमच्याकडे ह्याला अर्ध्या ग्लासात झोप येते, तेव्हा मर्यादा ओलांडायची भीती नाही. तू मात्र चिपळुणात हा उद्योग करायला जाऊ नकोस हं, आपल्याकडे परवान्याशिवाय केलंस तर गुन्हा आहे.

बियरच्या सामानाच्या दुकानातले आजोबा मला माल्ट म्हणजे काय ते समजावायला लागले आणि मला तुमच्या घराची वरची माडी आठवली. तुझी आई नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायची आणि मग सुपांत वाळत घालायची, तेच हे. फक्त नाचणीऐवजी जव. मोड येताना दाण्यात जो पाचक रस तयार होतो, तोच पुढे गरम पाण्यात दाण्यातल्या पिठाची साखर करतो, आणि ती साखर यीस्ट खातं. नवशिक्यांना हे सगळं करावं लागत नाही. माल्टचा अर्क डब्यातच मिळतो, अगदी काकवीसारखा दाट. मी तीन किलो घेतला आणि रंगाला नि चवीला म्हणून अर्धा किलो भरडलेलं क्रिस्टल माल्ट. एवढ्यात १९ लिटर होते.

भरड पुरचुंडीत बांधून अर्धा तास ६५–६८ अंशांच्या पाण्यात ठेवायची. मग पुरचुंडी काढायची, गॅस बंद करायचा, अर्क ओतून ढवळायचा. गॅस चालू ठेवून ओतलास तर बासुंदीसारखा बुडाला लागतो. त्यानंतर तासभर उकळी. पहिल्या दहा मिनिटांत फेस असा काही वर येतो की दुधाजवळ उभं राहायची सवय असलेलीच बाई इथे टिकेल. मी टिकले!

हॉप्स ही वेलीवरची फुलं. आमच्यापासून दीड-दोन तासांवर कॉर्व्हॅलिस आहे, तिथल्या संशोधनातून निघालेली कॅस्केड नावाची जात १९७२ साली शेतकऱ्यांना मिळाली. मी तीच वापरते. उकळीच्या सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटच्या पाच मिनिटांत घातलेले वास देतात. फोडणीतली मोहरी आणि वरून पेरलेली कोथिंबीर, तसंच. वास कसा, तर पपनस सोलताना हाताला येतो तसा.

इथवर आपलं स्वयंपाकघर कामाला आलं. पुढे त्यानेच दगा दिला.

आपण विरजण कधी लावतो? दूध कोमट झालं की. मी बोट बुडवलं, कोमट लागलं, यीस्टची पुडी टाकली. तापमान नंतर मोजलं तर ३२ अंश! मी करत होते त्या एल नावाच्या बियरच्या यीस्टला हवे असतात १८ ते २०. रात्रीतच असा गोंधळ सुरू झाला की झाकणाच्या नळीतून फेस वर आला. मला वाटलं, काय छान आंबतंय. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर आधी पिकलेल्या केळ्याचा वास आणि मागून नेलपॉलिश पुसायच्या पाण्याचा. यीस्ट उष्णतेत घाई करतं आणि नको ते वास मागे सोडतं. पन्नास बाटल्या मोरीत ओतल्या. ह्याने मदत केली, तोंडातून शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले होते. पिंप थंड गॅरेजमध्ये ठेवलं. मार्च महिना, चौदाएक अंश. पाच दिवसांनी नळीतले बुडबुडे थांबले. झालं आंबून, म्हणून फेसासाठी थोडी साखर घातली, बाटल्या भरल्या आणि उबेला आतल्या कपाटात ठेवल्या. आठव्या रात्री दोन वाजता पहिली फुटली. मग दुसरी. अंगावर रजई आणि हातात परात घेऊन मी कपाटासमोर उभी! झालं होतं असं की यीस्ट थंडीने नुसतं गारठलं होतं, साखर अर्धी शिल्लक होती. उबेत ते जागं झालं आणि वायूला बाहेर जायला वाट नाही. अजून कपाटातल्या साड्यांना वास येतो. तू दिलेली इरकल वाचली.

हायड्रोमीटर, म्हणजे रसात साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती काचेची नळी, पहिल्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये पडून होता. मला वाटायचं, अंदाज असताना काचेची नळी कशाला?

तिसऱ्या खेपेला ती काढली. नुसत्या पाण्याचा आकडा १.०००, साखर जितकी जास्त तितका तो वर. सुरुवातीला आकडा १.०५०. यीस्ट १९ अंशांवर घातलं आणि पिंप गार पाण्याच्या टबात ठेवलं. दोन आठवडे झाकण उघडलं नाही, आणि हे मला किती जड गेलं ते तुला ठाऊक आहे. मग आकडा १.०१२. तीन दिवसांनी पुन्हा १.०१२, तेव्हाच बाटल्या भरल्या, सगळ्या मिळून सव्वाशे ग्रॅम साखर घालून. दोन्ही आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोल कळतं. पाच टक्के आलं.

परवा पहिली उघडली. फुस्स झालं, फेस बोटभर आला आणि राहिला. ह्याने पूर्ण ग्लास संपवला आणि साडेआठला झोपला.

तू मे महिन्यात येतेयस ना? एक काम कर. दोन किलो नाचणीला मोड आण, वाळव, पण या वेळी भाजू नकोस. भाजली की तो पाचक रस मरतो. जाडसर दळून आण आणि इथे उतरलीस की विमानतळावर कस्टम्सवाल्यांना सांग. आईला कशासाठी ते सांगू नकोस.

तुझी,
ठमी