नवीन उपचार सुरू केलेत

प्रिय बाळ्यास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "गोळ्या घेतोयस ना?" म्हणून विचारलंस आणि मी गणपतीच्या रिझर्व्हेशनचं काढलं. सुमन शेजारीच होती रे. आता सविस्तर लिहितो.

गोळ्यांनी झोप लागते, पण झोपेतही माझी गाडी चालूच. विक्रोळी-कांजूरच्या मधे ती बाई रुळात थबकते, वर माझ्याकडे बघते, हातातली पिवळी पिशवी छातीशी धरते. हॉर्न दाबलेला, एमर्जन्सी ब्रेक मारलेला. पण बारा डब्यांची लोकल जागच्या जागी थांबते होय? हल्ली घरात कुकरची शिट्टी झाली तरी माझे हात आवळतात. सुमन गपचूप डाळ पातेल्यात शिजवायला लागलीय.

मोटरमनला रन ओव्हर, म्हणजे गाडीखाली माणूस येणं, चुकत नाही. मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला दोन हजारांवर माणसं जातात. लॉबीत त्यावर कुणी बोलत नाही, चहा पितात आणि ड्युटीला लागतात. आधीच्या वेळी मीही तेच केलं. हीच का अडकून बसली, देव जाणे. त्यात गाडी चालवायला लागणारं ए-वन मेडिकल जाईल ही धास्ती.

डॉक्टरांनी एका थेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एकीत डोळे मिटून सगळा प्रसंग आत्ता घडतोय असा मोठ्याने सांगायचा, पुन्हा पुन्हा, आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. मी हातच जोडले. दुसरीचं नाव ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो नावाच्या अमेरिकन बाईंना १९८७ साली बागेत चालताना वाटलं, की डोळे इकडून तिकडे हलले की छळणारे विचार बोथट होतात. त्यावरून ही पद्धत निघाली. मला तर भोंदूगिरीच वाटली. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तिची शिफारस केलीय. गुण डोळे हलवण्याचा की आठवणीला तोंड देण्याचा, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, हेही मॅडमनीच सांगितलं. तेव्हा कुठे विश्वास बसला.

सुरुवातीला नुसती तयारी. मनातली सुरक्षित जागा कुठली विचारलं, मी आपला वाशिष्ठीकाठचा वडाखालचा पार सांगितला. मग ते दृश्य डोळ्यांसमोर आणायचं, "दोष माझाच" हे वाक्य धरायचं, त्रास दहापैकी किती ते सांगायचं. मी दहा म्हटलं. मॅडम दोन बोटं डावी-उजवी हलवतात, मान न हलवता नजर त्यांच्यामागे. थांबल्या की एवढंच विचारतात, "आता काय येतंय?" एकदा एकदम माझा हात दिसला, ब्रेकवर. बाळ्या, मी ब्रेक वेळेत मारला होता! इतके दिवस ते दिसलंच नव्हतं. हमसून रडलो. आकडा सातावर आला. त्या रात्री मात्र स्वप्नं जास्तच पडली. पहिल्या पहिल्यांदा असं होतं म्हणे.

आठवण पुसली जाणार नाही, हे मॅडमनी आधीच बजावलंय. चालेल. तिला मी विसरावं, असं मलाही वाटत नाही.

आता तुझं काम. पुढे कधीतरी कांजूरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाडी जाताना बघायचं ठरलंय. सुमनला नेलं तर ती गाडी सोडून माझ्याचकडे बघत बसेल. तू चल. धीर देऊ नकोस, "बरा झालास का" विचारू नकोस. मी मागे फिरलो तर अडवू नकोस. मांडवीने आलास तर ठाण्याला उतर, घ्यायला येतो. सुमनने आमसुलं मागवलीत, गेल्या वेळसारखी ओली नकोत म्हणाली.

तुझा,
दिल्या