ताडपत्री तीन तासांवर होती : एका मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपलं नाव आणि खातं मी या पत्रात लिहीत नाही. दुबईतल्या सभागृहात आपण शब्द दिलात तेव्हा समोर तीनेकशे मराठी माणसं बसली होती. त्यांना कळेल, आणि आपल्यालाही कळेल.

गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. आपण मराठवाड्यातल्या एका कार्यक्रमात बोलत आहात. "पुरात गावातला माणूस गावासाठी धावला, पण परदेशात गेलेला आपला माणूस कुठे दिसला नाही," असं आपण म्हणालात आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा व्हिडिओ मला माझ्या धाकट्या भावाने पाठवला. सोबत एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

साहेब, मीच तो परदेशात गेलेला माणूस. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातला, सीना नदीकाठचा. सोळा वर्षं दुबईत आहे आणि त्यातली अकरा मदतसामानाच्या गोदामात गेली. मी कुठे होतो ते आता आपल्याला सांगतो.

जेबेल अलीच्या बाजूला, अल मकतूम विमानतळापासून जवळ, एक आगळं मुक्त क्षेत्र, म्हणजे फ्री झोन, आहे. 2003 साली ते सुरू झालं. इंटरनॅशनल ह्युमॅनिटेरियन सिटी हे त्याचं जुनं नाव, आता त्याला दुबई ह्युमॅनिटेरियन म्हणतात. बाकीच्या फ्री झोनमध्ये कंपन्या नफ्यासाठी येतात, इथे मदत करणाऱ्या संस्था येतात. जागतिक अन्न कार्यक्रम, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा, रेड क्रॉस आणि रेड क्रिसेंटचा महासंघ, सगळ्यांचा माल इथे असतो. तंबू, घोंगड्या, पाणी शुद्ध करायची यंत्रं, औषधांची खोकी, स्वयंपाकाच्या भांड्यांचे संच. फ्री झोन असल्यामुळे माल दुबईत उभा असतो, पण कागदावर देशात आलेला नसतो, म्हणून त्यावर आयातशुल्क नाही. संकट येण्याआधीच माल येऊन बसलेला असतो. फोन आला की पॅलेट, म्हणजे चौकटीवर रचलेला मालाचा ढीग, बांधायचं, वजन करायचं, विमानतळावर पोचवायचं. बंदर एका बाजूला, विमानतळ दुसऱ्या बाजूला. 6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला त्या आठवड्यात आम्ही घरी फक्त आंघोळीला जात होतो.

त्याच आठवड्यात गोदामाच्या पायरीवर आम्हा पंधरा जणांचं बोलणं झालं. कुणी फोर्कलिफ्ट चालवतो, दोघं ट्रकवर आहेत, एक बाई दवाखान्यात नर्स आहेत, एक हिशेबनीस. सगळे धाराशिव, सोलापूर, बीड, लातूरकडचे. किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993, तेव्हा मी शाळेत होतो. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास गावंच्या गावं बसली. आमच्याकडेही भांडी फळीवरून पडली होती. आम्ही ठरवलं की मदत कशी साठवायची आणि कशी धाडायची हे आपल्याला येतं, जगात फार थोड्यांना येतं, तर ते आपल्या मुलखासाठी वापरायचं. गावच्या ट्रस्टची एक शाखा या फ्री झोनमध्ये रीतसर नोंदवायची. पाचशे कुटुंबांपुरता साठा कायम तयार ठेवायचा. ताडपत्री, घोंगडी, सोलर दिवा, पाण्याची बाटली, बस्स.

प्रत्येकाने चार हजार दिरहम बाजूला ठेवले, स्वतःच्याच खात्यात. एकत्र केले नाहीत, कारण दुबईत परवान्याशिवाय देणगी गोळा करणं हा गुन्हा आहे. दुबईचा 2015 चा हुकूम आहे, नंतर 2021 चा संघराज्याचा कायदा आहे. मित्रांच्या ग्रुपवर मदतीचं आवाहन टाकलं तरी माणूस अडचणीत येतो. फ्री झोनचा परवाना मिळाला तरी लोकांकडून पैसे घ्यायला वेगळी परवानगी लागते. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. आपत्तीच्या नावावर लुबाडणारे जगभर आहेत. नियम स्पष्ट लिहिलेले होते आणि ते पाळायची आमची तयारी होती.

अडलं ते आपल्याकडे. आमच्याकडे मूळ संस्थेचे कागद मागितले : नोंदणी, घटना, हिशेबतपासणी, सध्याच्या विश्वस्तांचा ठराव. सगळं महाराष्ट्रातून साक्षांकित, मग दिल्लीत परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग अमिरातींच्या वकिलातीचा, मग इथे पुन्हा एक. तेही केलं असतं. पण आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष 2019 मध्ये वारले. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे बदल अर्ज, म्हणजे नव्या विश्वस्तांची नोंद करून घ्यायचा अर्ज, 2020 च्या सुरुवातीलाच दाखल केला. तो आजही मंजूर नाही. परिशिष्ट एकवर, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीवर, अजून वारलेल्या अध्यक्षांचं, आमच्या गुरुजींचंच नाव आहे. त्यांची सही मी कुठून आणू? जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय कार्यालयात मी तीन सुट्ट्या घालवल्या. दर वेळी विमानाचं तिकीट, दर वेळी पंधरा दिवस बिनपगारी. पहिल्यांदा सांगितलं साहेब रजेवर आहेत, दुसऱ्यांदा फाइल सापडत नाही, तिसऱ्यांदा सांगितलं नव्याने अर्ज करा. तिसऱ्या सुट्टीत माझ्या आईचा डोळ्याचा इलाज करायचा होता. मी कार्यालयाच्या बाकावर बसलो होतो आणि आई माझ्याशिवाय, भावाबरोबर बार्शीला गेली. तिच्या उजव्या डोळ्याने आता दिसत नाही. याचा दोष मी कुणावर टाकत नाही, पण तो दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये आपण दुबईत आलात तेव्हा मी उभा राहून विचारलं. आपण सगळ्यांसमोर म्हणालात, "हे काय काम आहे का? महिनाभरात करून देतो." आपल्या ओएसडींचा, म्हणजे विशेष कार्य अधिकाऱ्यांचा, नंबर मला तिथेच दिला गेला. त्यानंतर मी एकतीस ईमेल पाठवले, ते सगळे माझ्याकडे आहेत. उत्तरं आली दोन. पहिलं : "आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे." दुसरं पूर ओसरल्यावर : "आपली मदत मुख्यमंत्री सहायता निधीत जमा करावी."

आता पुराचं सांगतो. 22 सप्टेंबर 2025, घटस्थापना. आमच्याकडे घटात पेरायला रानातली काळी माती आणतात. इथल्या पहाटे साडेतीनला, म्हणजे तिकडे पाच वाजता, भावाचा फोन आला. पाणी वस्तीत शिरलं होतं. आईला खांद्यावर घेऊन तो शेजाऱ्याच्या स्लॅबवर चढला होता. दावणीची जित्राबं सोडायलाही वेळ मिळाला नव्हता. दोन म्हशी आणि एक कालवड गेली. त्या आठवड्यात आमच्या तालुक्यात लोकांना छतावरून काढायला हेलिकॉप्टर लागलं, हे आपल्याला ठाऊक आहे. चार दिवसांनी फोन नीट लागला तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, रानच राहिलं न्हाई." पीक गेलं असं तो म्हणाला नाही. सोयाबीन गेलं होतंच, पण त्याखालची माती गेली होती आणि मुरूम वर आला होता. आई आठ दिवस साखरेच्या फाटक्या पोत्याखाली झोपली.

आणि मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो. 31 ऑगस्टला अफगाणिस्तानात कुनारला भूकंप झाला होता, त्याचं सामान निघत होतं. चार बाय सहा मीटरची पांढरी ताडपत्री, कडेला दोरी ओवायची भोकं, वारा-पावसात टिकणारी. माझ्या हातून तशा शेकडो गेल्या. तिथल्या माणसांनाही त्या हव्याच होत्या, त्यांच्या वाट्याचं मला काही नको. पण साहेब, मुंबई इथून विमानाने तीन तासांवर आहे. आमच्या पंधरा जणांची संस्था उभी असती तर त्याच आठवड्यात पाचशे घरांवर छप्पर असतं. आपण विचारता परदेशात गेलेला माणूस कुठे होता. मी ताडपत्र्यांच्या ढिगाशेजारी उभा होतो आणि माझी आई पोत्याखाली होती.

बदल अर्ज उद्या मंजूर झाला तरी पुढे काय वाढून ठेवलंय तेही ऐका. मी भारतीय पासपोर्टवर राहतो. माझ्या पगारातले पैसे मी बँकेतून गावच्या ट्रस्टला पाठवले तर ती परदेशी देणगी मानत नाहीत. तेच पैसे आम्ही पंधरा जणांनी इथल्या कायद्याने नोंदलेल्या संस्थेतून पाठवले तर ती परदेशी देणगी होते. ताडपत्री पाठवली तरी परदेशीच. मग विदेशी अंशदान कायदा लागतो. त्याच्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि तीन वर्षांत पंधरा लाख खर्च केलेला हवा. आमचा ट्रस्ट वाचनालय चालवतो आणि दहावीच्या मुलांचे वर्ग घेतो. पंधरा लाख आम्ही कधी पाहिले नाहीत. एखाद्या मोठ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत पाठवावं, तर 2020 च्या दुरुस्तीने तेही बंद. परदेशातून आलेली मदत एका संस्थेने दुसरीला द्यायची नाही. म्हणजे इथे एकत्र यायचं तर नोंदणी लागते, आणि नोंदणी केली की तिथे आम्ही परके. एकट्यादुकट्याने पाठवलं तर आमचं, मिळून पाठवलं तर संशयाचं. हा कायदा केंद्राचा आहे, आपल्या हातात नाही, हे मी जाणतो. पण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला 2025 मध्ये परदेशी देणगी घ्यायची परवानगी मिळाली. राज्याने मागितली म्हणून मिळाली. स्वतःसाठी मागता आली, मग गावांसाठी का मागत नाही?

आणि वाट नसते असंही नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 3 मे 2021 ला, केंद्राने मोफत आलेल्या करोना मदतसामानावरचा आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, माफ केला आणि राज्यांना नोडल अधिकारी, म्हणजे या कामाची जबाबदारी असलेला एक अधिकारी, नेमायला सांगितलं. दिल्लीत माणसं ऑक्सिजनवाचून तडफडत होती तेव्हा एका आदेशात वाट निघाली. सीनेचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती का निघाली नाही? शहरातल्या माणसाचा श्वास आणि आमच्या आईच्या डोक्यावरचं छप्पर यांत सरकार फरक करतं का? मला खरंच उत्तर हवं आहे. 2004 च्या त्सुनामीपासून दुसऱ्या सरकारांची मदत घ्यायची नाही असं आपलं धोरण आहे, 2018 मध्ये केरळ बुडालं तेव्हाही तेच सांगितलं गेलं. देशाचा स्वाभिमान मला कळतो. पण मी दुसरं सरकार नाही. मी आपल्याच मतदारयादीत आहे.

31,628 कोटींचं पॅकेज आपल्या सरकारने ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. भावाला किती मिळाले ते मी इथे लिहीत नाही, त्याला तालुक्यात राहायचं आहे. एवढंच सांगतो की मुरमावर अजून माती पडलेली नाही. मला त्या हजारो कोटींशी भांडायचं नाही. माझं भांडण त्या सवयीशी आहे, जिच्यात दिलं तर सरकारनेच द्यायचं आणि आम्ही हात पसरून उभं राहायचं. माणसं आपसांत एकमेकांना धरून उभी राहू लागली की कुणाची तरी फाइल हरवते. सात-बारावर वारस लावायला वर्ष, ट्रस्टवर नाव चढवायला सहा वर्षं, आणि पंचनाम्याला आलेला माणूस बांधावर उभा राहून अंदाजाने आकडा लिहितो. आमच्या बापजाद्यांनी हे सोसलं. आम्ही सोसतोय. माझा मुलगा शारजात शाळेत शिकतो, तो मला विचारतो की आपण गावी परत कशाला जायचं. त्याला काय सांगू ते तुम्ही मला सांगा.

मी काय मागतो तेही लिहितो, कारण रागात ते राहून जाईल. आमचा बदल अर्ज निकाली काढा, मंजूर करा किंवा कारण लिहून फेटाळा. राज्यात असे किती अर्ज पडून आहेत ते जाहीर करा. आणि पुढचा पावसाळा यायच्या आत केंद्राकडे लिहून मागा की आपत्ती जाहीर झालेल्या जिल्ह्यात परदेशातल्या नोंदणीकृत मराठी संस्थेकडून सामान थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यात घेता यावं, 2021 सारखं, नोडल अधिकारी नेमून. पैसे नकोत, फक्त सामान घ्या. प्रत्येक पॅलेटची यादी मी स्वतः देईन. अकरा वर्षं तेच करतोय.

पंधरांपैकी एक जण, मोहोळ तालुक्यातला, डिसेंबरमध्ये व्हिसा संपवून कायमचा गावी गेला. जाताना म्हणाला, "माझं नाव यादीतून काढ, भाऊ. आता माझंच घर बांधायचंय." त्याचे चार हजार दिरहम पत्र्यांना गेले. मी त्याचं नाव अजून काढलेलं नाही.

व्हिडिओत तुम्ही जे बोललात ते मागे घ्या असं मी म्हणत नाही. हे पत्र छापून एक प्रत रजिस्टर पोस्टाने तुमच्या कार्यालयात पाठवतो आहे. त्यावर आवक क्रमांक टाकून तो मला कळवा. आधीच्या एकतीस ईमेलांना एकही क्रमांक मिळाला नाही.

आपला,
परंडा तालुक्यातला, सध्या जेबेल अलीत राहणारा
एक गोदाम कामगार