रेल्वेच्या फोटो-शोमध्ये माहिती ऐकू येऊ द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रेल्वेप्रेमींचे फोटो-शो आता व्हिडिओसारखे झाले आहेत. तीन सेकंदांत फोटो सरकतो, मागे संगीत वाजते आणि गाडी कुठली, केव्हाची, हे शेवटपर्यंत कळत नाही.

पूर्वी स्लाइड, म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेली पारदर्शक फिल्म, प्रोजेक्टरने पडद्यावर दाखवत. प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये साधारण 80 स्लाइड बसत. तासाच्या कार्यक्रमात प्रत्येकीला पाऊण मिनिट मिळे. तेवढ्यात दाखवणारा इंजिनाचा वर्ग, क्रमांक, शेड (इंजिनाचे देखभाल-ठिकाण), स्थानक, तारीख सांगून मोकळा होई. कोडॅकने 2004 मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले, 2009 मध्ये कोडाक्रोम ही रंगीत स्लाइडची फिल्मही बंद केली. यंत्र गेले, सांगणे का जावे?

नागपूरकरांना तर याची फार गरज आहे. छिंदवाड्याची नॅरोगेज 2015 मध्ये थांबली, नागभीडची 2019 मध्ये. 762 मिलिमीटर अंतराच्या रुळांवरचे झेडडीएम-4ए हे डिझेल इंजिन दोन्ही मार्गांवर सारखेच दिसे. स्थानक आणि तारीख नसेल, तर तो फोटो नुसता सुंदर राहतो, पुरावा होत नाही.

जुन्या स्लाइड असतील त्यांनी स्कॅन करण्याआधी माउंटच्या, म्हणजे स्लाइडच्या चौकटीच्या, दोन्ही बाजूंचा मोबाइलने फोटो घ्यावा. पेन्सिलची नोंद तिथेच असते आणि स्कॅनर ती घेत नाही. 4000 डीपीआयला (इंचाला 4000 ठिपके) स्कॅन केल्यास सुमारे 5600 बाय 3700 पिक्सेल मिळतात. स्लाइड उलटी बसली की चित्र आरशातल्यासारखे येते, म्हणून इंजिनाचा क्रमांक वाचून खात्री करावी. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई, म्हणजे अदृश्य प्रकाशाने धूळ ओळखून चित्रातून काढण्याची सोय, कोडाक्रोमवर बंदच ठेवावी. धूळ समजून ती बारीक तारा आणि कठड्यांच्या रेषाही पुसते. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवेच. ओल्या कापडाने मात्र पुसू नये. मूळ कोडाक्रोम प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर लवकर फिकी पडते, त्यामुळे शोमध्ये स्कॅनच दाखवावा.

उभ्या फोटोंचाही विचार व्हावा. जुना पडदा चौरस असे, म्हणून उभे-आडवे सारखेच मोठे दिसत. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर उभा फोटो 720 पिक्सेल रुंद उरतो, आडव्याच्या निम्म्याहूनही लहान. तो पडदाभर ताणायला गेले की वरचा सिग्नल नाही तर खालचा रूळ कापला जातो. ताणू नये, काळी जागा राहू द्यावी.

आयोजकांनी 80 फोटोंची मर्यादा पाळावी, संगीत बंद ठेवावे आणि ज्याने फोटो काढला त्याच्याच हाती माइक द्यावा.

आपला,
एक रेल्वेप्रेमी वाचक, नागपूर