बियाण्यासाठी राखलेल्या हिरड्यांना हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

भीमाशंकरच्या अलीकडे, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम आदिवासी पट्ट्यात आमचं गाव आहे. खाचरातला भात घरात खायला पुरतो. हातात रोख पैसा येतो तो बाळहिरड्याचा, म्हणजे हिरड्याच्या झाडाच्या कोवळ्या औषधी फळांचा. उन्हाळ्यात कच्चा हिरडा झोडायचा, अंगणात वाळवायचा आणि विकायचा. पोरांच्या वह्या-पुस्तकांपासून पावसाळ्याच्या बेगमीपर्यंत सगळं त्यावर भागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आजे-पणजांच्या वेळचे हिरडे मुळासकट आडवे झाले. असं झाड पुन्हा उभं राहायला एक पिढी जाते.

म्हणून आम्ही रोपवाटिका घातली. पण बी आणायचं कुठून? हिरडा पिकतो हिवाळ्यात, आणि आम्ही तो कच्चाच उतरवतो. बी धरायचं तर चांगलं झाड न झोडता राखावं लागतं, म्हणजे त्या घराचं तेवढं उत्पन्न बुडतं. तरीही काही घरं झाड राखतात. आमच्या महिला बचत गटातल्या एका आजींनी दारासमोरचा सगळ्यात मोठा हिरडा राखला आणि थंडीत रोज सकाळी पाटी घेऊन खाली पडलेलं एकेक पिवळं फळ वेचलं. गर काढून बी शेणकाल्यात मुरवायचं, मग पिशवीत लावायचं. कवच इतकं टणक की कोंब कधी महिन्याने येतो, कधी दोन महिन्यांनी, कधी येतच नाही. जांभळाचं उलट आहे. त्याचं बी ताजंच लावावं लागतं, वाळलं की गेलं. बेहडा, आवळा, उंबर हीही रोपं आहेत. सगळं बी याच डोंगरातलं. बाहेरून आणलेली शोभेची झाडं आम्ही लावत नाही, आणि हिरड्याचं रोप दोन पावसाळे सांभाळल्याशिवाय उतारावर नेत नाही.

आपली मदत सर्वांत आधी हवी आहे ती झाडं राखणाऱ्या घरांसाठी. राखलेल्या झाडामागे घराला १,५०० रुपये द्यायचं ग्रामसभेत ठरलं आहे. आपण एका झाडाचा भार उचललात तरी पुष्कळ झालं. दुसरी गरज पाण्याची. पावसाळ्यात इथं धो धो कोसळतं, पण एप्रिलपासून झरा आटतो आणि बायका डोक्यावरून हंडे आणून रोपं जगवतात. १०,००० लिटरची टाकी बसली तर हा हेलपाटा वाचेल.

पुण्या-मुंबईकडच्या मंडळींनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या जमवून आणाव्यात. फक्त कोपरा कापलेल्या, धुऊन वाळवलेल्या. रोप लावताना पिशवी काढून घेतो आणि पुन्हा वापरतो.

भीमाशंकरला दर्शनाला येताना वाट वाकडी करून जरूर या. आधी निरोप द्या, म्हणजे जेवणाची सोय करता येईल. थंडीत आलात तर आजींबरोबर हिरडे वेचायला चला. जूनमध्ये आलात तर एक दिवस पिशव्या भरायला हात लावा. पैशांची पावती मिळेल, आणि जमा-खर्च दर ग्रामसभेत वाचला जातो, तो आपणही येऊन पाहावा.

आपले नम्र,
वनहक्क समिती, महिला बचत गट व समस्त ग्रामस्थ