सूचना : मॅच बघताना खेळाडूच्या रंगावरून बोलण्याबद्दल

मंडळी, रविवारी मळ्यात भरीत-पुरीसोबत मॅच लावली होती. वेस्ट इंडिजचा बॉलर रनअपला आला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ए काल्या!" निम्मे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो, म्हणून नाव घेत नाही.

जानेवारी 2021 मध्ये सिडनीत प्रेक्षकांनी आपला बॉलर मोहम्मद सिराजला शिव्या दिल्या, खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. तेव्हा आपण किती तापलो होतो! आणि 2007 साली वडोदरा-मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे आवाज काढणारे? आपलेच. वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीला आयपीएलमध्ये 'कालू' म्हणायचे. बिचाऱ्याला वाटायचं, याचा अर्थ ताकदवान. खरा अर्थ कळला 2020 मध्ये.

कौतुकातही घोळ आहेच. काळा बॉलर असला की 'अंगातच ताकद', गोरा असला की 'डोकं लावतो'. आपल्या धडगावकडच्या पोरालाही आपण 'आदिवासी आहे, पळणारच' म्हणून मोकळे होतो. पहाटे पाचला तो घाट चढत असतो, ते कुणाला दिसतं?

यापुढे असं कानावर आलं तर शेजारच्याने तिथल्या तिथे टोकायचं. ग्रुपवर तसलं मीम आलं तर ॲडमिन उडवेल. दुसऱ्यांदा आलं तर टाकणारा महिनाभर ग्रुपबाहेर. कॅच सोडला, वाइड टाकला, त्यावर पोटभर बोला भाऊ, कोण अडवतंय!

पुढची मॅच शनिवारी, मळ्यातच. वांगी बामणोदची येतील, काड्या-कुड्या कुणीतरी लवकर येऊन गोळा करा.

– सचिव